खालच्या हाताची मूठ

फार फार वर्षांपूर्वी, राजे लोक स्वतः घोड्यावर बसून न्यायनिवाडे करत फिरायचे त्या काळी, एका मोठ्या नदीच्या काठी, रानाच्या कडेला एक गाव होतं. लहानांनो, जरा पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्ही डुलक्या घेऊ नका. गोष्ट सांगतोय लहानांना, पण गरज तुम्हालाच जास्त आहे.

त्या गावातली माणसं करवतीवर जगायची. रानातून ओंडके आणायचे आणि चिरून त्यांच्या फळ्या करायच्या, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गावाच्या मधोमध पुरुषभर खोल असा एक लांबट खड्डा होता. खड्ड्यावर दोन तुळया टाकून त्यांवर ओंडका ठेवायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा राहायचा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये दोन मुठींची लांबलचक उभी करवत.

वरच्याचं काम बघायचं. ओंडक्यावर गेरूत भिजवलेल्या दोरीने रेघ मारलेली असायची, तिच्यावरून करवत ढळू द्यायची नाही. खालच्याला मात्र बघण्यासारखं काहीच नसायचं. वरून नुसता भुसा पडायचा, डोळ्यांत, नाकात, कानात. म्हणून खालचा माणूस डोळ्यांवर फडकं बांधूनच करवत ओढायचा. त्याला ताल कळावा म्हणून वरचा दर खेपेला त्याचं नाव घ्यायचा आणि खालचा वरच्याचं. सकाळी सुरू झालेली नावं दिवस मावळेपर्यंत चालायची. नवराबायकोसुद्धा एकमेकांची एवढी नावं घेत नाहीत.

या कामाचा नियम एकच होता. खालच्याने जोर लावून करवत खाली ओढायची, आणि वर जाताना मूठ सैल सोडायची. वरच्यानेही तसंच. मुठीत दांडा असावा, दाब नसावा. कुणी सोडायच्या वेळेला धरून ठेवलं, की करवत वाकते, रेघ सुटते आणि फळी लाटेसारखी वेडीवाकडी निघते.

या गावात सिलास आणि अंद्रिया अशी एक जोडी होती. सिलास थोडा थोरला. दोघांची करवत चालू झाली की बायका पाण्याच्या घागरी घेऊन ऐकत उभ्या राहायच्या, असा त्यांचा ताल. त्यांच्या फळीवर रंधा मारावा लागत नाही, असं सुतार म्हणायचे. सुतारांनी दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणावं, यावरून काय ते समजा.

पुढे एक वाईट दिवस उजाडला. राजाची मोहर मारलेलं एक सागवान रानात कुणीतरी चोरून तोडलं. ते तोडलं होतं अंद्रियाने. राजाचे शिपाई आले, त्यांनी अंद्रियाची मानगूट धरली आणि चाबूक उगारून विचारलं, "कुणी तोडलं?" अंद्रिया भ्याला आणि म्हणाला, "सिलासने."

सिलासला राजाच्या दगडाच्या खाणीत पाठवलं. तीन वर्षं तो दगड फोडत होता. तिसऱ्या वर्षी मात्र अंद्रियाला ते सोसेना. तो आपल्या पायांनी राजाच्या न्यायाधीशापुढे गेला, खरं काय ते बोलला, फटके खाल्ले, आणि सिलास सुटला तशी खाणीतली त्याची जागा घेतली. वर्षभर दगड फोडून तोही गावाला परतला. पाठीवर वळ होते आणि मान वर होत नव्हती.

गाव प्रभू येशूला मानणारं होतं. कुडाच्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं एक देऊळ होतं आणि आत गावकऱ्यांनीच सागात कोरलेला वधस्तंभावरचा प्रभू होता, हात पसरलेला. देवळाचे पाळकबाबा म्हातारे होते आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळे. तरुणपणी तेही करवत ओढायचे. आता स्तोत्रं तोंडपाठ म्हणायचे आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगायचे.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्या गावात एक रीत पाळायचे. ज्याने कुणाचं वाईट केलं असेल त्याने देवळात सगळ्यांदेखत ते कबूल करायचं. ज्याचं वाईट झालं त्याने भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवायचा आणि एकच शब्द म्हणायचा, "सोडलं." पण एवढ्यावर भागायचं नाही. प्रभुभोजनाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या दोघांनी एका करवतीवर एक ओंडका पुरा करायचा. त्यातही क्षमा करणारा खाली, डोळ्यांवर फडकं बांधून. वाडवडील म्हणायचे, तोंड काय, पटकन सोडतं. हाताला वेळ लागतो.

अंद्रिया देवळात उभा राहिला. कबूल केलं. रडला. सिलासने भाकरी मोडली, तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "सोडलं."

बायांनी डोळ्यांना पदर लावला. सिलासलाही आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. पण लोकहो, घरी जाताना त्याने तीनदा मागे वळून बघितलं, अंद्रिया मागून येतोय की काय म्हणून.

दोघांच्या वाट्याला आलेलं काम साधंसुधं नव्हतं. गावाची एकुलती एक होडी खडकावर आपटून फुटली होती. नदीला पूर यायला जेमतेम पंधरा दिवस उरले होते, आणि एकदा पूर आला की चार महिने पलीकडचा किनारा तुटायचा. पलीकडच्या किनाऱ्यावर सिलासची एकुलती एक लेक रिबका दिली होती. तिचा नवरा राजाच्या फौजेत दूर देशी गेलेला, घरात सासू नाही, सासरा नाही, आणि तिचे दिवस भरत आले होते. तिला पुराआधी माहेरी आणायची होती.

त्यातून हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी सिलास खाणीत होता. रिबकाला आणायला जाणारं कुणी नव्हतं. एकटीच्या घरात तिचं मूल जन्मलं आणि तासाभरात गेलं.

हे गावाला माहीत होतं. पण सिलास त्याबद्दल कधी एक अक्षर बोलत नसे. देवळात "सोडलं" म्हणतानाही तो बोलला नव्हता.

राजाने होडीसाठी सागाचा एकच ओंडका दिला. त्यातून आठ फळ्या निघणार होत्या आणि होडीला सहा लागणार होत्या. म्हणजे दोन चुका माफ, तिसरी नाही. रोज सकाळी रिबका पलीकडच्या झाडावर हिरवं लुगडं वाळत घालायची. हिरवं दिसलं की सिलासची बायको दीना म्हणायची, "बरी आहे पोर." तांबडं दिसलं, तर घाई करायची, असं मायलेकींचं ठरलेलं होतं.

काम सुरू व्हायच्या दिवशी सिलास सगळ्यांच्या आधी खड्ड्यावर गेला. ओंडका बांधलेला दोर ओढून बघितला. अंद्रियाने बांधलेली गाठ सोडली आणि स्वतः बांधली. तुळयांवर लाथ मारून बघितली. करवतीला रात्रीच धार लावलेली होती आणि ती लावली होती अंद्रियाने. झालं! सिलासने एकेक दात बोटाने चाचपला. दात चांगले होते. इतके चांगले बघून त्याला जास्तच संशय आला.

'एवढी मेहनत कशाला?' तो मनात म्हणाला. 'कुठेतरी पाणी मुरतंय.'

अंद्रिया आला तो गाडगंभर ताक घेऊन. "दादा, थोडं पिऊन उतर. खाली फार उकडतं."

"ठेव तिथं," सिलास म्हणाला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. सिलासने फुंकलंसुद्धा नाही. अंद्रियाची पाठ वळताच त्याने ताक खापरात ओतून गावातल्या बोक्यापुढे ठेवलं. बोक्याने ते चाटून पुसून संपवलं आणि उन्हात आडवा झाला. सिलास त्याच्याकडे टक लावून बघत बसला. बोका हलेना. सिलासच्या कपाळाला घाम आला. त्याने काटकीने ढोसलं, तेव्हा बोका जांभई देऊन दुसऱ्या कुशीला वळला आणि सिलास नाइलाजाने खड्ड्यात उतरला.

फडकं त्याने गळ्यातच ठेवलं.

"दादा, डोळे बांध," वरून अंद्रिया म्हणाला.

"माझ्या डोळ्यांची काळजी तू करू नकोस."

करवत सुरू झाली. अंद्रिया वरून हाक देत होता, "सिलास!" जुन्या सवयीने सिलासच्या तोंडात त्याचं नाव येत होतं, पण तो ते गिळून नुसतं "हं" म्हणत होता. मान वर करून तो अंद्रियाच्या पायांवर नजर ठेवून होता. हा पाय का हलवला? त्या दोराकडे का सरकला? लोक डोळ्यांत तेल घालून पहारा करतात, याने भुसा घालून केला. दुपारपर्यंत डोळे लालबुंद झाले. आणि दर वेळी करवत वर निघाली, की त्याची मूठ तिला धरून ठेवायची. सोडली आणि त्याने दगा केला तर?

संध्याकाळी पहिली फळी निघाली. ती एवढी वाकडी होती, की तिच्यावर ठेवलेलं लिंबू गडगडत खाली आलं.

अंद्रिया हात जोडून म्हणाला, "माझं बघण्यात चुकलं असेल. उद्या नीट बघतो."

"बघितलंस?" सिलास घरी जाऊन दीनाला म्हणाला. "स्वतःच कबूल करतोय. मुद्दाम करतोय तो. रिबका इकडे येऊ नये असं वाटतंय त्याला."

"अहो, त्याला काय मिळणार त्यातून?" दीनाने त्याच्या डोळ्यांत दुधाचे थेंब घालत विचारलं.

"तेच तर शोधतोय मी."

"आणि नाही सापडलं तर?"

"सापडेल. न सापडायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी डोळे ताणून पहारा केला, आणखी घट्ट मूठ धरली. दुसरी फळी पहिलीपेक्षाही वाकडी निघाली. आता सहाच उरल्या आणि लागणारही सहाच होत्या.

सिलास खड्ड्यातून वर आला तो ओरडतच. "गावकऱ्यांनो, या माणसाने माझी तीन वर्षं खाल्ली आणि आता माझ्या लेकीच्या जिवावर उठलाय! वरून रेघ सोडतोय हा. मी सोडलं म्हणालो, पण हा केसाने गळा कापतोय माझा!"

माणसं जमली. कुणी अंद्रियाकडे रागाने बघू लागलं, कुणी जमिनीकडे. अंद्रिया काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचाही सिलासला संशय आला.

तेवढ्यात काठी टेकत पाळकबाबा आले. "माझ्यासमोर जरा चिरून दाखवा," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हाला काय दिसणार?" सिलास म्हणाला.

"दिसणार काही नाही. ऐकतो."

त्या दोन वाकड्या फळ्यांपैकी एक ओंडक्यासारखी बांधली आणि दोघांनी तिच्यावर दहा-वीस खेपा करवत चालवली. पाळकबाबा मान कलती करून ऐकत होते. मग त्यांनी काठी उचलून थांबायला सांगितलं.

"करवत खाली येताना गातेय," ते म्हणाले. "वर जाताना रडतेय. वरचा हात ठीक आहे. खालचा हात सोडत नाही."

सिलासचे कान तापले.

"बाबा, मी तर सोडलं म्हणालोय. सगळ्यांदेखत म्हणालोय."

"म्हणालास खरा. मुठीत काय धरलंयस?"

"काही नाही."

"बरं," पाळकबाबा म्हणाले. मग खाली वाकून हळू आवाजात, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं बोलले. "माझे डोळे कशाने गेले, तुला माहीत आहे? लोकांना वाटतं म्हातारपणाने गेले. माझा सख्खा भाऊ वर उभा असायचा. त्याने एकदा मला फसवलं होतं. मी क्षमा केली आणि पुढची सात वर्षं फडकं न बांधता खाली उभा राहिलो, त्याच्यावर नजर ठेवायला. सात वर्षांत त्याने काहीही केलं नाही रे. भुशाने मात्र माझे डोळे नेले. आता तो मेला. त्याचा चेहरा शेवटचा कधी नीट बघितला, तेही आठवत नाही. त्याचे पायच बघत होतो मी."

असं म्हणून म्हातारा काठी टेकत निघून गेला.

त्या रात्री सिलास जेवला नाही. दीनाने दूध घालून त्याचे डोळे पुसले, पण ती त्याची समजूत घालत बसली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, देवळातल्या प्रभूचे हात कधी बघितलेत का? आपल्या आजोबांनी कोरलेले? ज्यांनी खिळे मारले त्यांना त्याने क्षमा केली, तेव्हा त्याचे हात उघडे होते. मला रोज वाटतं, माझ्या घरच्या माणसाचे हात कधी उघडतील? झोपेतसुद्धा मुठी वळून झोपता तुम्ही."

सिलासने अंथरुणात आपले हात बघितले. मुठी वळलेल्याच होत्या.

सकाळी दीना नदीकडे गेली आणि धावत परत आली. पलीकडच्या झाडावर तांबडं लुगडं होतं.

आता बघा, माणसाची काय तऱ्हा असते. पोरीचा जीव टांगणीला लागलेला, सहाच फळ्या उरलेल्या, चूक आपल्या हाताची आहे हे आंधळ्याने ऐकून सांगितलेलं. तरी खड्ड्याकडे जाताना सिलासच्या मनात आलंच, की पाळकबाबांना अंद्रियाने फितवलं तर नसेल? स्वतःच्या या विचाराची त्याला मग इतकी लाज वाटली, की तो वाटेतच थांबला.

अंद्रिया ओंडक्यावर उभा होता. रोजच्यासारखं ताकाचं गाडगंही आणलेलं होतं. सिलास खड्ड्यात उतरला, पण त्याने करवतीला हात लावला नाही.

"अंद्रिया," तो म्हणाला. चार वर्षांत त्याने ते नाव पहिल्यांदा घेतलं. "मला एक सांग. शिपायांनी विचारलं तेव्हा माझंच नाव का घेतलंस? गावात साठ माणसं होती."

अंद्रियाने करवतीच्या मुठीवरचे हात काढले.

"दादा, खरं सांगू? विचार करून नाही घेतलं. चाबूक वर गेला आणि तोंडातून आलं. दिवसभर, वर्षानुवर्षं तुझंच नाव घेत होतो. तेच तोंडात बसलं होतं. तेवढं एकच नाव होतं माझ्याकडे, आणि ते मी असं वापरलं."

सिलास खाली भिंतीला टेकून बसला.

"तू खोटं बोललास ते मी देवळात सोडलं," तो म्हणाला. "खाण सोडली. तीन वर्षंसुद्धा सोडली. पण माझ्या रिबकाचं बाळ गेलं, अंद्रिया. मी इथं असतो तर तिला घेऊन आलो असतो. तिच्या आईच्या हाताखाली बाळंत झाली असती. ते बाळ आज वर्षाचं असतं. ते मी सोडलेलं नाही. ते मी मुठीत धरलंय. मूठ उघडली तर ते पुन्हा एकदा मरेल, असं वाटतं मला."

आणि तो माणूस, ज्याच्या डोळ्यांतून खाणीतसुद्धा पाणी आलं नव्हतं, हुंदके देऊन रडू लागला.

अंद्रिया ओंडक्यावरच गुडघे टेकून बसला. "मला माहीत आहे, दादा," तो म्हणाला. "त्या बाळाचं कळलं त्याच दिवशी मी न्यायाधीशाकडे गेलो. त्याचं काही उत्तर माझ्याकडे नाही. तू जन्मभर मूठ उघडली नाहीस, तरी मी तुला चूक म्हणणार नाही. एवढंच सांगतो, की तू माझ्यावर नजर ठेवतोस तशी मीही ठेवतो. मी पुन्हा तसा वागेन की काय, याची मलाही रोज भीती वाटते."

वर माणसं जमू लागली होती, पण कुणी पुढे आलं नाही.

सिलास उठला. खरं सांगायचं तर त्याच्या मनातला संशय तेव्हाही गेला नव्हता. अंद्रियाने कसलाही पुरावा दिला नव्हता, कसलीही शपथ घेतली नव्हती. उलट मलाही माझी भीती वाटते असंच म्हणाला होता. असल्या माणसाच्या हाती कोण जीव देईल? सिलासने मान वर करून एकदा अंद्रियाचा चेहरा बघितला, पाय नव्हे. चार वर्षांत चेहरा किती म्हातारा झाला होता! मग त्याने गळ्यातलं फडकं वर ओढलं आणि डोळ्यांवर घट्ट बांधलं.

"प्रभू, माझ्याने होत नाही," तो पुटपुटला. "तू सोडव ही बोटं."

त्याने करवतीचा दांडा धरला. खाली ओढलं. आणि सोडलं.

"सिलास!" वरून हाक आली.

"अंद्रिया!" खालून उत्तर गेलं.

पहिल्या काही खेपा अडखळल्या. बोटं जुन्या सवयीने वळायची, तो पुन्हा सैल करायचा. शंभरदा वळली, शंभरदा सोडली. हळूहळू करवत खालीही गाऊ लागली आणि वरही. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या पाळकबाबांनी ते ऐकलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

अर्धी फळी झाली आणि एकदम कडाड् असा आवाज झाला. चीर मिटू नये म्हणून तिच्यात ठोकलेली पाचर निसटून सिलासच्या खांद्यावर पडली. ओंडका करकरला. वरून नाव येईना. सिलासचा हात झटकन फडक्याकडे गेला. संशय म्हणजे काय साधा प्राणी आहे? हाकलला तरी उंबऱ्याबाहेर बसून राहतो. डोक्यावर सागाचा अख्खा ओंडका होता आणि त्याच्यावर तो माणूस, ज्याने एकदा त्याचं वाटोळं केलं होतं.

त्याने फडक्यावरचा हात खाली घेतला. दोन्ही तळवे उघडे ठेवून तो अंधारात तसाच उभा राहिला.

"थांब दादा," वरून धापा टाकत आवाज आला. "नवी पाचर बसवतोय. लागलं नाही ना फार?"

"नाही," सिलास म्हणाला. "सावकाश बसव."

ती फळी निघाली. गावकऱ्यांनी तिच्यावर लिंबू ठेवलं. ते जागचं हललं नाही.

सहाच्या सहा फळ्या तशाच निघाल्या. सुतारांनी दिवस-रात्र एक करून होडी बांधली, फटींत राळ भरली, आणि नदीचं पाणी गढूळ होऊ लागलं त्याच सकाळी ती पाण्यात ढकलली. वल्ही दोन माणसांनी घेतली. कोणत्या दोन, ते सांगायला हवं का?

रिबका होडीत चढली तेव्हा समोर अंद्रियाला बघून क्षणभर थबकली. तिने वडिलांकडे बघितलं. सिलास म्हणाला, "ये, बस. माझ्या जोडीदाराचं वल्हं चांगलं आहे." पोरीने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि ती बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिला ठाऊक. तिची क्षमा तिच्या वेळेला आली, आणि तिच्या बापाने तिला घाई केली नाही.

होडी अलीकडच्या काठाला लागली आणि चौथ्या दिवशी नदीने दोन्ही काठ बुडवले. पाचव्या दिवशी, आईच्या हाताखाली, रिबकाला मुलगी झाली. ठणठणीत, आणि आवाज असा की खड्ड्यातली करवत थांबली.

सिलास नातीला बघायला आत गेला. नवजात पोरांच्या मुठी घट्ट वळलेल्या असतात, तशा तिच्याही होत्या. त्याने आपलं भुशाने खरखरीत झालेलं बोट तिच्या मुठीला लावलं. तिने मूठ उघडली आणि ते बोट धरलं. सिलास बराच वेळ तिथेच बसून राहिला. गेलेल्या बाळाची त्याला आठवण आली. मूठ उघडूनही ते बाळ त्याच्यापासून कुठे गेलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं.

त्या दोन वाकड्या फळ्या पुढे कुणी जाळल्या नाहीत. त्यांचा एक बाक करून देवळात दाराशी ठेवला. "सोडलं" म्हणणाऱ्याने आणि ज्याला म्हटलं त्याने प्रभुभोजनाला त्याच बाकावर शेजारी शेजारी बसायचं, अशी नवी रीत पडली. बाक बसायला फार वाईट होता, सगळीकडून टोचायचा. बसणारे कुरकुर करायचे. मग पाळकबाबा म्हणायचे, "टोचतंय ना? आपल्या सिलासची मूठ आहे ती. जरा आठवण राहू द्या."

आणि सिलास सगळ्यांत मोठ्याने हसायचा. संशय त्याच्या मनात नंतरही अधूनमधून डोकवायचा, खोटं कशाला बोलू? पण तो आला, की सिलास आपल्या हातांकडे बघायचा, आणि बोटं वळलेली दिसली तर एकेक करून उघडायचा. अंद्रियाचं ताक मात्र तो स्वतःच प्यायचा. बोक्याला त्याचं फार वाईट वाटलं.

तात्पर्य: ओठांनी सोडलं म्हणणं सोपं आहे, मूठ सुटली, तरच क्षमा झाली.